करगोट्यातला पैसा

“चपला बाहेर, पिशव्या बाहेर, अन् हात मागं बांधून आत या वं सगळ्याजणी!”

दारात उभी राहून पंचफुला ओरडली आणि लगेच तिने जीभ चावली. दर रविवारी शाळेच्या पोरांवर ओरडायची सवय, दुसरं काय! आज समोर पोरं कुठे होती? समोर होत्या मौद्याच्या महिला मंडळाच्या बाया. बसस्टँडपासून उन्हात चालत आलेल्या, तोंडं लालबुंद, डोक्यावर घट्ट पदर, काखेत भाकरीच्या पिशव्या. सगळ्यांत पुढे मंडळाची अध्यक्ष रुखमाबाई, म्हणजे पंचफुलाची नणंद. आणि सगळ्यांत मागे, दाराच्या चौकटीला हात टेकून उभी असलेली तुळसाबाई. पंचफुलाची सासू.

आठ वर्षं झाली, तुळसाबाई पंचफुलाशी एक शब्द बोलली नव्हती.

“वहिनी, तू तं हेडमास्तरीण दिसून राहिली वं!” रुखमाबाईने तिच्या खांद्यावरच्या निळ्या फितीला बोट लावलं. “हे काय? तमगा?”

“स्वयंसेवक लिहिलं हाये त्यावर.”

“म्हणजे पगार भेटत नाही, असंच नं?” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या. पंचफुलाही हसली. तुळसाबाई मात्र हसली नाही. ती वर छताकडे पाहत होती, जणू छत पाहायलाच मौद्याहून आली होती.

रामदासपेठेतल्या एका जुन्या बंगल्यात हे सागर विज्ञान केंद्र होतं. नागपुरात समुद्र! आधी लोक हसायचे. पण प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या यमुताईंनी हट्टच धरला होता, की विदर्भातल्या पोरांनी समुद्र फक्त नकाशातल्या निळ्या रंगात का पाहायचा? मग त्यांनी वर्गण्या मागितल्या, काचेच्या बरण्या जमवल्या, शंख-शिंपले मागवले, आणि बंगल्याच्या मधल्या खोलीत चक्क खऱ्या समुद्राच्या पाण्याची टाकी बसवली. पाणी मुंबईहून डब्यांत भरून रेल्वेने यायचं. पाहायला शाळा यायच्या, मंडळं यायची, एकदा तर कोराडीच्या वीजकेंद्राची माणसं बायकापोरांसह बस करून आली होती.

आणि पंचफुला? ती समोरच्या दवाखान्यात आया होती. तिचा आणि समुद्राचा संबंध एवढाच, की एका मे महिन्यातल्या रविवारी, अंगाची लाही लाही होत असताना, तिला या बंगल्याच्या खिडकीतला वाळ्याचा कूलर दिसला. फुकट गारवा! ती आत शिरली. आत पोरांची ही गर्दी, कोणी बरणीला नाक लावतंय, कोणी रडतंय. पंचफुलाने न सांगता एकाचं नाक पुसलं, दुसऱ्याचा कान धरला, तिसऱ्याला कडेवर घेतलं. संध्याकाळी यमुताई म्हणाल्या, “पुढच्या रविवारी येणार का?” ती आली. मग येतच राहिली. माशांची शास्त्रीय नावं तिला शेवटपर्यंत जमली नाहीत, निम्मी ती उलटीसुलटी सांगायची आणि यमुताई मागून दुरुस्त करायच्या. पण पोरं तिच्याच मागे लागायची, कारण ती माशांबद्दल बोलायची ते वॉर्डातल्या पेशंटांबद्दल बोलावं तसं. “याचं पोट बिघडलं होतं मागच्या हप्त्यात. आता जेवून राहिला बरोबर.”

तो समोरचा दवाखाना. तिथेच तर सगळं अडलं होतं.

तिचा नवरा लहानू, तुळसाबाईचा एकुलता एक मुलगा, काविळीने पिवळा धम्मक होऊन त्याच दवाखान्यात आला होता आणि तिथेच गेला. राख मौद्याला नेली, कन्हान नदीत सोडली. दिवस-पाणी झालं आणि पंचफुला पुन्हा त्याच दवाखान्यात आली, आयाची नोकरी धरून. तुळसाबाई गावभर म्हणाली, “ज्या खाटेवर माहा लेक गेला, त्याच खाटेच्या चादरी बदलते, अन् पगार घेते. बाई हाये का दगड हाये थे!” त्यानंतर तिने सुनेसाठी जे तोंड मिटलं, ते मिटलंच. वर्षश्राद्धाला पंचफुला गेली तर म्हातारी मागच्या दाराने शेतात निघून गेली.

पंचफुलाला तिला एकच सांगायचं होतं. गावात कुठेही गेलं तरी लहानू नव्हता. गोठ्यात नव्हता, ओसरीवर नव्हता, विहिरीवर नव्हता. त्या वॉर्डात मात्र तो शेवटपर्यंत होता. पण हे सांगायला आधी समोरच्याने बोलायला तर हवं ना!

म्हणून रुखमाबाईचा निरोप आला, की मंडळाची सहल आणते आणि आईही येते म्हणते, तेव्हा पंचफुलाने साडीला खळ केली. वॉर्डातल्या पेशंटांसमोर आपलं भाषण म्हणून दाखवलं. एका म्हाताऱ्या पेशंटने टाळ्याही वाजवल्या. तिला बाकी काही नको होतं. सासूने, तिच्या आत्याबाईने, एक शब्द बोलावा, बस्स. शिवी असली तरी चालेल.

सहल सुरू तर झकास झाली. बरण्यांतले मासे पाहून बाया नाकाला पदर लावत होत्या आणि पुन्हा पुन्हा वाकूनही पाहत होत्या.

“हे तं बोंबील हाये. बाजारात ढिगानं भेटते, त्याले बरणीत काहून ठेवलं?”

“माय वं, हा पाह्य! डोळे पाह्य कसे! आमच्या सरपंचावानी.”

“हळू बोल, सरपंचीन मागंच हाये!”

सरपंचीनच सगळ्यांत मोठ्याने हसली. देवमाशाच्या पाठीचा एक मणका ठेवला होता, पाटाएवढा. त्यावर बसून पाहायची सगळ्यांना परवानगी होती, म्हणून त्यावर भांडण लागलं. पंचफुला मधूनमधून मागे पाहत होती. तुळसाबाई प्रत्येक बरणीपुढे थांबत होती, पण चेहऱ्यावर काही उमटू देत नव्हती.

मग सगळ्या टाकीपाशी आल्या. टाकी म्हणजे तिथला देव्हाराच! अंधाऱ्या खोलीत तेवढाच उजेड. तळाशी वाळू, दगड, दगडांवर समुद्रफुलं, म्हणजे फुलांसारखे फुलणारे प्राणी, आणि दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा. जुना शंख लहान झाला की तो मोठा शोधून त्यात राहायला जायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव भाड्याने राहणाऱ्या कोणा भैय्याजीवरून भैय्याजी ठेवलं होतं. त्या दिवशी यमुताई पुढच्या खोलीत टेलिफोनवर होत्या. टाकीची देखभाल करणारा केशव सायकलवरून बर्फ आणायला गेला होता. उन्हाळ्यात पाणी तापायचं ना, मग पिशवीत बांधलेला बर्फ टाकीत सोडावा लागायचा. खोलीत बायांबरोबर एकटी पंचफुला.

तिने घसा साफ केला. “समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याचा प्रचंड साठा. पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्राने व्यापलेला आहे...”

“वहिनी,” रुखमाबाईने कमरेवर हात ठेवले, “एवढंसंच पाणी दाखवाले आणलं का आमाले? माह्या विहिरीत याच्याहून जास्त हाये!”

पुन्हा हशा. पंचफुलाचं पाठ केलेलं भाषण भर्रकन उडून गेलं. बाया आता दाराकडे बघायला लागल्या होत्या, भाकरीची वेळ झाली होती. आणि तुळसाबाईसुद्धा वळली. वळली, म्हणजे गेलीच! मग तिला जे सुचलं ते ती बोलून गेली.

“तसं नका म्हणू बाई! आपली कन्हान कुठं जाते सांगा बरं? वैनगंगेत. वैनगंगा पुढं गोदावरीले भेटते, अन् गोदावरी समुद्राले. अन् समुद्र काही अलग अलग नाही, सगळे आतून एकमेकाले लागून हायेत. म्हणजे आपल्या मौद्याचं पाणी शेवटी समुद्रातच असते.”

तुळसाबाई थांबली. सावकाश वळली. काचेजवळ आली. पाण्याकडे पाहत, सुनेकडे न पाहता, ती लेकीला म्हणाली, “रुखमे, तिले इचार. मंग या पाण्यात कन्हानचं पाणी आलं असन का?”

तिले इचार! तिले! आठ वर्षांत पहिल्यांदा म्हातारीने तिला काही विचारलं होतं, मग ते आडवळणाने का होईना! खरं उत्तर काय, याचा विचार करायला तिला सवडच नव्हती.

“आलं असन आत्याबाई! काहून नाही? आलंच असन!”

तुळसाबाईने मान हलवली. कमरेची चंची काढली. पानाचा तुकडा, सुपारी, चुना, सगळं बाजूला सारून तिने तळातून काहीतरी चिमटीत धरलं. कोणाला कळायच्या आत तिने टाकीच्या उघड्या तोंडावर हात नेला आणि चिमूट सोडली.

“घे गा बाप्पा,” ती पाण्याला म्हणाली. “तुहं तुले.”

टुप्. मधे भोक असलेला तांब्याचा जुना पैसा गिरक्या घेत खाली गेला आणि सगळ्यांत मोठ्या समुद्रफुलाच्या बुडाशी, दगडाच्या फटीत जाऊन बसला.

दोन-तीन बायांनी हात जोडले. त्यात नवल काय होतं? एसटी कन्हानच्या पुलावर आली की याच बाया खिडकीतून पैसा टाकून हात जोडत असत. पाणी दिसलं, आपलं माणूस आठवलं, पैसा सोडला. पंचफुलाच्याही हाताने कितीदा सोडला होता.

पण आता तिने टाकीच्या तळाशी पाहिलं. तांबं! यमुताई प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी तेच शिकवायच्या. खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं आणि असल्या नाजूक जिवांना ते विष. मागच्या वर्षी तारेचा एक तुकडा पडला होता तर सगळे तारामासे गेले. दुसरा नियम त्याहून कडक होता: टाकीत हात फक्त केशवने घालायचा, स्वयंसेवकाने नाही. पण केशव कुठे होता? बर्फाच्या दुकानावर!

“आत्याबाई, थो पैसा काढा लागते.”



“काय म्हणते वहिनी!” रुखमाबाई कुजबुजली. “वाहिलेलं कोणी परत काढते का? एका पैशानं काय होऊन राहिलं?”

“तांबं जहर हाये बाई यांच्यासाठी. मरतीन सारे.”

“मासे मरतीन म्हणून माणसाचं...”

“हात नोको लावू.”

हे तुळसाबाई बोलली. लेकीशी नाही, पाण्याशी नाही. सरळ पंचफुलाकडे पाहून.

“लहानूचा हाये थो. रांगत होता तवा त्याच्या कमरेच्या करगोट्यात बांधला होता म्या. त्याच्यासंगं द्याचा राहून गेला.” म्हातारीने टाकीच्या काचेवर हात ठेवला. “आता पोचला त्याले. हात नोको लावू.”

ज्या शब्दासाठी पंचफुलाने साडीला खळ केली, भाषण पाठ केलं, तो शब्द आला तो असा! आणि तो मोडायचा होता. न मोडता गप्प उभं राहणं किती सोपं होतं. म्हातारी कदाचित आजच तिला जवळ घेऊन बसली असती, लहानूबद्दल बोलली असती. केशव आल्यावर गुपचूप काढता आला असता. पण केशव कधी येणार? पैशाला चिकटलेलं ते मोठं फूल आत्ताच आक्रसायला लागलं होतं, झोपेतल्या पोराने मूठ मिटावी तसं.

पंचफुला सासूपुढे खाली बसली.

“आत्याबाई, मी चुकली. तुमी बोलल्या नं, तं मले एवढा आनंद झाला का मी हो म्हणून देलं. या पाण्यात कन्हानचं पाणी हाये का नाही, मले काहीच माहीत नाही. लहानू यात हाये का, थेही माहीत नाही.” तिने टाकीकडे बोट केलं. “पण हे जीव यात हायेत, एवढं मले माहीत हाये. यांच्याजवळ मी दर रविवारी बसते. तठी त्या वॉर्डात मी नुसती पाहत उभी होती. काही करता आलं नाही मले. इथं करता येते.”

 

पंचफुला उठली. पोलक्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि तिने हात पाण्यात घातला. पाणी खोल होतं, गाल काचेला टेकला. बोटं दगडावरून फटीत गेली. समुद्रफुलाचे तंतू मनगटाला चिकटले आणि खाजकुयली लागावी तसं चरचरलं, पण तिने हात मागे घेतला नाही. भैय्याजी घाबरून शंखात शिरला. एकदा पैसा निसटला. पुन्हा हाताला लागला. तिने तो नखाने ओढला, मुठीत धरला आणि कोपरापासून पाणी गळत असलेला हात बाहेर काढला.

नेमक्या त्याच वेळी यमुताई दारात आल्या.

“पंचफुलाबाई! टाकीत हात?” त्यांचा आवाज नेहमीचाच होता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “तुम्हाला नियम माहीत आहे ना? तुम्हीच असं केलंत तर मुलांना काय सांगायचं?”

पंचफुलाने मूठ घट्ट केली. सांगायचं म्हणजे म्हातारीचं नाव घ्यायचं, आणि गावच्या सगळ्या बायांपुढे. ती खाली मान घालून उभी राहिली. पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते.

“माह्यानं झालं बाई,” तुळसाबाई म्हणाली.

ती पुढे आली. खांदे वाकलेले, तरी ती यमुताईंपुढे ताठ उभी राहायचा प्रयत्न करत होती.

“म्या पैसा टाकला. मले माहीत नव्हतं. माह्या सुनेनं काढला.” मग तिला वाटलं असावं की एवढ्याने भागणार नाही. “हे माही सून हाये. माह्या लहानूची बायको. म्या नोको म्हटलं, तरी काढला तिनं.”

यमुताईंनी पंचफुलाकडे पाहिलं, तिच्या लाल झालेल्या मनगटाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

“किती वेळ होता आत?”

“थोडासाच ताई.”

“मग वाचतील बहुतेक. केशव आला की अर्धं पाणी बदलू. आणि त्या हाताला गोडं पाणी लावा आधी.” दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. “आजींना बसायला काहीतरी द्या. उभ्या आहेत केव्हाच्या.”

पंचफुलाने मूठ उघडून पैसा सासूच्या तळहातावर ठेवला. तुळसाबाईने तो पाहिला, पुसला आणि चंचीच्या तळाशी टाकला. पण रुखमाबाईने “चला वं, झाडाखाली जेवू, नाही तं बस चुकन!” म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं तेव्हा म्हातारी जागची हलली नाही.

“आई, चाल नं!”

“तुमी व्हा पुढं. थे फूल उघडते का नाही पाहू दे मले.”

“अन् नाही उघडलं तं? बस काय तुह्यासाठी थांबते?”

“मंग जाईन उद्याच्या बसनं! सून हाये इथं माही.” तुळसाबाई लेकीवर खेकसली. “पाह्य, कशी बोलून राहिली मायले!”

रुखमाबाईने पंचफुलाकडे पाहून डोळे मोठे केले, मग हसू दाबत निघून गेली.

पंचफुलाने बाक ओढून आणला. दोघी टाकीपुढे बसल्या. फूल अजून मिटलेलंच होतं, दगडाला चिकटलेला तांबूस गोळा. बाहेर अंगणात बायांचा कलकलाट, भाकरी सोडल्याचा वास, कोणीतरी ठेचा जास्त झाला म्हणून शी-शी करत होतं. आत फक्त कूलरची घरघर. गोड्या पाण्याचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

“दुखते का वं?” तुळसाबाईने विचारलं.

“नाही. चरचरते थोडंसं.”

“शेवटी पाणी मांगलं होतं का त्यानं?”

पंचफुलाला कळायला क्षण लागला. मग तिने सांगितलं. हो, मागितलं होतं. चमच्याने पाजलं. गटकन प्यायला आणि म्हणाला, थंडगार हाये. तुळसाबाई ऐकत राहिली. आठ वर्षं तिने कोणाला हे विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं माणूस एकच होतं.

तेवढ्यात दारात गलका झाला. पुढच्या वेळेची शाळा आली होती, पांढरे सदरे, खाकी चड्ड्या, नुसती ढकलाढकली. मास्तर ओरडत होते, पोरं मास्तरांच्या वर ओरडत होती. पंचफुला लगबगीने उठायला गेली तर तिला उठताच येईना. तिचा हात तुळसाबाईने केव्हाच आपल्या मांडीवर घेतला होता आणि पदराने मनगटापासून खांद्यापर्यंत पुसत होती, तान्ह्या पोराला न्हाऊ घातल्यावर पुसतात तसा. कूलरच्या वाऱ्यात वाळलेल्या कातडीवर मिठाची पांढरी भुकटी उठली होती. म्हातारी ती अंगठ्याने हळूहळू झाडत होती.

“आत्याबाई, पोरं आली. उठू द्या.”

“बसून नाही सांगता येत का?” तुळसाबाई म्हणाली. हात तिने सोडला नाही.

मग पंचफुलाने पोरांना हाताच्या खुणेने जवळ बोलावलं, गप्प बसवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच समुद्राविषयी बसून सांगितलं.